ज्योत, आबा आणि मागचं टायर

३ जानेवारी
ठरलं. यंदा शिवजयंतीची ज्योत राजमाचीवरून वराळ्यात मी आणणार. सायकलवर. मंडळाच्या मीटिंगमध्ये हात वर करून सांगून टाकलं. मग अध्यक्ष रतनभाऊ म्हणाले, आबांना विचारा आधी.

आबांना, म्हणजे वडिलांना, विचारलं. दरवर्षी वेशीवर ज्योत तेच हातात घेतात. खुब्याच्या ऑपरेशननंतर आता वॉकर आलाय. पुढच्या वर्षी दुसरं कुणीतरी बघा, असं त्यांनी मंडळाला कळवलंय. म्हणजे ही शेवटची. आणि मी आजवर ज्योतीमागच्या टेम्पोत बसून पाण्याचे कॅन आणि बिस्किटाचे पुडे सांभाळत आलो. एकदा तरी ज्योत माझ्या हातून त्यांच्या हातात जावी. दुसरं काही नको.

आबा म्हणाले, पळत का न्हाई आणत? म्हणालो, गुडघा. म्हणाले, "आन सायकलला गुडगा लागत न्हाई व्हय?" पण हसले. खूश दिसले.

५ जानेवारी
अभ्यासाला लागलो. राजमाची ते लोणावळा दगड, मुरूम, धूळ. तिथून कार्ले, कामशेत, वराळ्यापर्यंत डांबर. दोन्हीला एकच टायर कसं चालेल? लोक विचार न करता निघतात आणि वाटेत रडतात. मी कंपनीत क्वालिटीला आहे. आलेला माल रिजेक्ट करणं हाच माझा धंदा. टायर निवडायला माझ्यापेक्षा लायक माणूस मावळात नसेल.
उद्यापासून रोज पहाटे सराव.

६ जानेवारी, सकाळी ९
सराव नाही. टायर ठरायच्या आधी सराव करणं म्हणजे चुकीच्या टायरची सवय लावून घेणं.

१२ जानेवारी
घोरावाडी स्टेशनजवळ नवाजचं सायकलचं दुकान आहे. त्याच्याकडून रबराच्या जाड बटणांचं टायर बसवून घेतलं. नवाज म्हणाला, साहेब, दगडाला चिकटून चालतं हे. असेल. पण दुकान ते घर, सगळं डांबर. टायर सारखं घूं घूं करत होतं. दोन कुत्री मागे लागली. घरी येईपर्यंत घामाघूम.

१५ जानेवारी
गुळगुळीत टायर. नवाज म्हणाला, साहेब, मी तेच सांगणार होतो. परवा तर बटणवाल्याचं कौतुक करत होता. त्याला सगळंच पटतं.
घरामागे बांधकामाच्या मुरमाचा ढीग आहे, त्यावर चाचणी घेतली. घसरलो. कोपर सोललं. टायर रिजेक्ट.

२१ जानेवारी
सापडलं! पुढे बटणांचं, मागे गुळगुळीत. इतकं सोपं होतं.
बायकोला दाखवलं. स्नेहल म्हणाली, एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घातल्यासारखं दिसतंय. तिला टेक्निकल गोष्टींत गती नाही. मंडळाने यंदा ज्योतीबरोबर पळायला बायकांचीही तुकडी केलीय, त्यात ती आहे. रोज पहाटे इंदोरी रस्त्याने पळून येते आणि वर डबाही करते. त्यांचं सोपं आहे. टायरच नाही.

२८ जानेवारी
चैन नाही. जेवताना टायरचे व्हिडिओ, झोपेत टायर. आज कंपनीत मॅनेजर माझ्याशी बोलत होते आणि मी शेजारच्या फोर्कलिफ्टचं टायर अंगठ्याने दाबत होतो. त्यांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना?
पुढे-मागे वेगळी टायर ही तडजोड आहे. आणि तडजोड आपल्या स्वभावात नाही.
आबांनी विचारलं, "आरं, सायकल चालवतूस तरी कवा?" म्हणालो, अजून प्लॅनिंग चालू आहे.

२ फेब्रुवारी
रतनभाऊंचा निरोप. ज्योत नेणारा अनवाणी पाहिजे, मग सायकलवर का असेना. गावाचा रिवाज आहे, मोडता येणार नाही. कुणीतरी असंही विचारलं म्हणे की एका हातात मशाल घेतल्यावर हे ब्रेक कसे दाबणार. लोकांना बारीकसारीक शंका फार. खरा प्रश्न हवेच्या दाबाचा आहे.

९ फेब्रुवारी
ट्यूबलेस! नवाज म्हणाला, साहेब, ट्यूबचा जमाना गेला. आत पांढरं औषध घालायचं, भोक पडलं तर तेच बुजवतं. टायर घेतलं ते थेट चिखलाचं. स्नेहल म्हणाली, फेब्रुवारीत कुठे चिखल? अवकाळी पाऊस तिला माहीतच नाही जणू.
सराव परवापासून. औषध आधी मुरायला हवं.

१४ फेब्रुवारी
आबांनी नवा सदरा इस्त्रीला दिलाय. ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "औंदा आमचं पोरगं आणतंय जोत." मी आत होतो. ऐकलं. डोळ्यांत पाणी आलं. माझ्याबद्दल ते असं कुणाला सांगताना मी कधी ऐकलं नव्हतं.
पाणी पुसून दोन्ही चाकांची हवा तपासली.

१८ फेब्रुवारी, दुपार
निघालो. सायकल टेम्पोवर चढवली. जाताना उगाच टायर कशाला झिजवायचं? पोरं हसली. हसू देत. उद्या बघतील.
सराव झाला नाही, पण त्यामुळे मी ताजातवाना आहे.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळ
जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.
पहाटे गडावर पूजा झाली, मशाल पेटली, घोषणा झाल्या. गडपायथ्याला मशाल माझ्या हातात दिली. अनवाणी बसलो. पेडलला पकडीसाठी लोखंडी काटे आहेत, ते तळव्यात घुसले. मशालीचं तेल ठिबकून पुढच्या ब्रेकवर पडलं. पहिल्याच वळणावर ब्रेक लागेना. करवंदीच्या जाळीत गेलो. मशाल मात्र शेवटपर्यंत वर धरली होती, विझू दिली नाही, हे नमूद करतो. टायर अजिबात घसरलं नाही, हेही.
रतनभाऊंनी मशाल हळूच माझ्या हातातून काढून पळणाऱ्यांकडे दिली. म्हणाले, तुम्ही सायकलवर मागून या, वेशीच्या अलीकडे परत तुमच्याच हातात देतो. मोठ्या मनाचा माणूस.
दगडांसाठी मी मागची हवा कमी केली होती. डांबर लागल्यावर वाढवायची होती. पण पंप टेम्पोत आणि टेम्पो पुढे. कार्ल्यापाशी मागचं टायर रिममधून सुटलं. पांढरं औषध एका चिक्कीच्या स्टॉलवर उडालं.
थोड्या वेळाने रतनभाऊ टेम्पो घेऊन परत आले. म्हणाले, सायकल टाका मागं आणि बसा. वेशीपाशी उतरवतो. आबा कवापासून खुर्ची टाकून बसलेत.
मी फक्त पंप घेतला. म्हणालो, तुम्ही व्हा पुढे, हा आलोच. टेम्पोतून गेलो असतो तर परत कॅनवालाच ठरलो असतो. शिवाय टायर नुकतंच रिमवर बसायला लागलं होतं. औषध सगळीकडे पसरेपर्यंत चाक फिरवत राहावं लागतं. फिरवत राहिलो. स्टॉलवाल्या मावशी म्हणाल्या, "आवो, चाक कशापायी फिरवताय? जोत कवाच गेली की."
वराळ्यात पोचलो तेव्हा वेशीवर कुणी नव्हतं. रांगोळी तुडवून गेलेली. एक रिकामी खुर्ची.
स्नेहलने घरी सांगितलं. मशाल शेवटी तिच्या हातात होती. तिने पुढे केली तरी आबा घेईनात. रस्त्याकडे बघत बसले. ढोल थांबवला. सगळी माणसं उभी. रतनभाऊ म्हणाले, आबा, तेल संपाय आलंय. तेव्हा त्यांनी हात पुढे केला.
एवढं सांगून ती पाय शेकायला बसली. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

२० फेब्रुवारी, सकाळ
रजा टाकली. आबा ओट्यावर होते. अंगात कालचाच नवा सदरा. मी चहा नेऊन दिला. काय काय सांगायचं ते सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. दाब, पंप, औषध, टेम्पो.
आबांनी त्यातलं काही विचारलं नाही. घरात कुणी आजारी असलं की विचारतात तशा आवाजात म्हणाले, "टायर कसं हाय आता?"
बरं आहे, म्हणालो.
"जप त्याला," म्हणाले आणि चहा प्यायला लागले.
तिथे उभं राहवेना. अंगणात जाऊन अंगठ्याने मागचं टायर दाबून पाहिलं. टायर खरंच बरं आहे. काल होती तेवढी हवा अजून आहे.