चौथी बाई

प्रिय टॅम्सिन,

रविवारी संध्याकाळी फोन करते म्हणाले आणि केला नाही, म्हणून तू फुगून बसली असशील. रुसवा जरा बाजूला ठेव आणि हे वाच. तुझ्या प्रश्नाचं उत्तर याच पत्रात आहे, पण आधी माझा शनिवार-रविवार ऐकावा लागेल. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. गॅरेजवरची खोली तयार झाली, रंग लागला, खिडकीतून समुद्र दिसतो, आई, तू कायमची राहायला कधी येतेस, हे तू इतक्या मायेनं विचारतेस की माझ्या तोंडून धड 'हो' निघत नाही आणि 'नाही'ही निघत नाही. खरं सांगते, गेल्या आठवड्यात 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. घर विकायचं म्हणून ते बघायला एजंटाला सोमवारी सकाळी बोलावूनही ठेवलं होतं.

यंदा रानातून पळायच्या लीगची शेवटची शर्यत आपल्या हॅरियर्स क्लबाकडे होती, टेकडीखालच्या त्याच कुरणात. शनिवारी सगळे वाट आखायला, खुंट ठोकायला आणि फीत बांधायला जमले. तुझे बाबा गेल्यापासून हे काम विल्फकडे आलंय, आणि ऐंशीच्या घरातला तो म्हातारा काम कमी आणि तोंड जास्त चालवतो. पाऊस चार दिवस लागून होता, तरी त्याचं समाधान होईना. "अरे, ओढ्याकडून वळवा वाट, ओढ्याकडून! कोरड्यात पळवलं तर पाहुणे वर्षभर नावं ठेवतील." मी नेहमीप्रमाणे मंडपात वाटाण्याचं सूप आणि आल्याचा केक सांभाळत होते. तेवढ्यात बाहेर किंकाळी ऐकू आली. आपली फिलिपा, संघातली तिसऱ्या नंबरची धावपटू, खुंट ठोकताना हातोडा स्वतःच्याच पायावर मारून बसली होती. अंगठा वांग्यासारखा झाला. शर्यतीआधी शर्यतीची जागा तयार करताना जायबंदी होणं आपल्याच क्लबाला जमतं.

आता नियम तुला आठवत असेल. बायकांच्या संघात चौघींनी शेवटची रेषा ओलांडलीच पाहिजे. तिघी पहिल्या आल्या तरी चौथीशिवाय संघच धरत नाहीत, आणि या वेळी संघ धरला गेला नसता तर आपण खालच्या गटात गेलो असतो. ब्रिजेट, म्हणजे आपली टपालवाली आणि हल्लीची कर्णधार, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी तिला केक देऊ केला. तिनं तो खाल्ला, बोटं चाटली आणि म्हणाली, "हिलरी, तुझं नाव अजून क्लबात आहे ना?" मी म्हटलं, "बये, माझं वय त्रेसष्ट आहे. बसमागे पळाले त्यालाही तीन वर्षं झाली." तर म्हणते कशी, "पळ म्हणतंय कोण तुला? नुसती पोहोच."

रात्रभर मला झोप लागली नाही. लोक हसतील याची भीती नव्हती, गं. आपल्यामुळे त्या तीन पोरींची मेहनत मातीत जाईल, याची होती.

रविवारी गारांचा पाऊस आणि वारा. क्लबची हिरवी बंडी मला इतकी घट्ट झाली होती की श्वास घ्यायला जागा उरेना. शिट्टी झाली आणि सगळ्या बायका मेंढ्यांच्या कळपासारख्या वर चढल्या. मी पहिल्या वळणालाच शेवटची झाले, आणि शेवटचीच राहिले. पहिली फेरी कशीबशी झाली. दुसरीत ओढ्यापाशी चिखलानं माझा डावा बूट ओढून घेतला. बुटावरून चिकटपट्टी गुंडाळायची असते, हे मी इतकी वर्षं दुसऱ्यांना सांगत आले आणि स्वतः विसरले. मी वाकून हात घालायला लागले तर विल्फ काठावरून ओरडला, "बूट राहू दे, हिलरी! उद्या गायी काढतील. तू चल!" मग मी चालले. एका पायात बूट आणि एका पायात मोजा, आणि त्या मोज्यालाही शेरभर चिखल.

तिसरी, शेवटची फेरी लागली तेव्हा मला रडू फुटलं. पुढे कुणी दिसत नव्हतं, मागे कुणी नव्हतंच. आणि टेकडी उतरताना पाहते तर खाली पुरुषांची शर्यत सुरू व्हायची वेळ टळून गेलेली. दीडदोनशे गडी उघड्या मांड्यांनी गारांत कुडकुडत रेषेवर उभे होते. पंच घड्याळ दाखवत होते. मला बाजूला काढून त्यांना सोडता आलं असतं, तसा त्यांना अधिकारच आहे. पण पलीकडच्या खोऱ्यातल्या क्लबाचा एक दाढीवाला, आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा वैरी, गरजला, "थांबतो आम्ही! पण मावशी, जरा उरका की, इथं आमचा बर्फ होतोय!" मग सगळेच ओरडायला लागले. शिव्या कुठल्या आणि शाबासकी कुठली, कळेना. ब्रिजेट आणि संघातल्या बाकी दोघी, मार्शा आणि एक नवी मुलगी, आपली शर्यत केव्हाच संपवून माघारी धावत आल्या आणि दोन्ही बाजूंनी पळायला लागल्या. हात लावायची मुभा नसते, म्हणून नुसत्या बोंबलत होत्या. मी रेषा ओलांडली आणि चिखलात बसले. संघ धरला गेला. आपण वरच्या गटात राहिलो.

घरी येऊन अंघोळ केली आणि मला कडकडून भूक लागली. तुझे बाबा गेल्यापासून मी ओट्याशी उभ्यानंच काहीतरी खाते, हे तुला कधी सांगितलं नाही. काल मी बटाटे उकडले, मांस परतलं, टेबलावर ताट मांडलं आणि खुर्चीत बसून सगळं संपवलं. फोन करायचा राहिला तो त्यामुळेच. जेवता जेवता तिथंच डोळा लागला.

टॅम्सिन, मी येत नाही. एजंट सकाळी आला होता, त्याला चहा पाजून परत पाठवलं. तुझ्याकडे मला काही कमी पडणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण तिथं मी सांभाळायची वस्तू होईन. इथं काल माझ्यासाठी माणसं गारांत थांबली, कारण माझं पोहोचणं कुणाच्या तरी उपयोगाचं होतं. तू रडू नकोस. माझा तुझ्यावर जीव आहे, आणि म्हणूनच हे तोंडदेखलं 'बघू' न म्हणता स्पष्ट लिहितेय. ईस्टरला येते, आठवडाभर. मंगळवारच्या आत मात्र परत सोड, मंगळवारी आमचा सराव असतो.

तुझीच, पाय सुजलेली,
आई