दार लावून पाहिलेलं घर

८ नोव्हेंबर
नवऱ्याने दोन हेडसेट आणले. डोळ्यांवर चढवले की बुक करायचा फ्लॅट आमच्या बेडरूममध्येच उभा राहतो — भिंती, खिडक्या, ओटा — आणि दोघांनाही तोच दिसतो. सासूबाईंना पत्ता लागू द्यायचा नाही. ताबा मिळायला दोन वर्षं, तोवर राहायचं इथेच, आणि हे घर त्यांच्या नावावर. कळलं तर घर डोक्यावर घेतील!

९ नोव्हेंबर
हेडसेट दर वेळी विचारतो, तुमचं दुसऱ्याला दाखवू का, दुसऱ्याचं तुम्हाला दाखवू का. नवऱ्याला वैताग. दोन्हीकडे कायमची परवानगी 'जवळच्या सर्वांना' करून मोकळा झाला. सर्वांना? तर म्हणे, "जवळ म्हणजे आपण दोघंच. दार लावलंय की!" हा माणूस ऑफिसात लोकांना पासवर्ड जपायला शिकवतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

१३ नोव्हेंबर
तिसरी खोली कुणाची यावर वाद. नवरा पुटपुटला, आईला वाईट वाटेल. वाटायला आधी कळायला तर हवं! मी तिथे कपड्यांची कपाटं लावून टाकली. बोटाने ढकललं की पलंग गायब. लग्नानंतर या घरात इतकी मजा प्रथमच आली.

१५ नोव्हेंबर
आता सासूबाईंनाही हेडसेट! गुडघ्यांच्या व्यायामासाठी फिजिओने दिलाय. शेजारच्या खोलीत बसून हवेत पाय हलवतात. त्यांच्या चिरंजीवांनी घर मांडायच्या ॲपसकट सगळं जोडून दिलं, अगदी आमच्यासारखंच. मी डोळे वटारले तर म्हणाला, मध्ये भिंत आहे ना.

१९ नोव्हेंबर
मी बेडरूममध्ये ओट्याची उंची बघत होते. पलीकडून आवाज आला, सासूबाईंचा व्यायाम बघायला स्वतःचा हेडसेट लावून बसलेल्या फिजिओबाईंचा — "ओटा छान आहे हो! नवीन फ्लॅट घेताय?"
तशीच पलीकडे गेले. गेम आहे, म्हणाले. बाई हसून म्हणाल्या, याला भिंतीबिंती कळत नाहीत, आसपासच्या सगळ्यांना दिसतं. सासूबाई पाय हलवत होत्या. चेहऱ्यावर काही नाही.
म्हणजे कपाटंही दिसली असणार. लाज वाटली. खरंच वाटली. नवरा धावत जाऊन आमचं दाखवणं बंद करून आला, वर म्हणतो कसा, आता एकदम सेफ!

२० नोव्हेंबर
 आज सगळ्यांचा चहा सासूबाईंनीच केला. याचीच जास्त भीती वाटते.

२४ नोव्हेंबर
आमचं दाखवणं बंद केलं, सासूबाईंचं राहूनच गेलं. आज हेडसेट चढवला तर समोर भलतंच घर. एकच खोली, एक पलंग, उन्हात एक खुर्ची. वर नाव दिलंय — 'हे घर विकल्यावर'.