थकलेली मूत्रपिंडं नेमकी कोणाची

तीर्थस्वरूप किम-बोक दादा,

धाकट्या किम-त्सुईचा वाकून नमस्कार. तुमची कंबर, वहिनींचे दात आणि तुमच्या ह्वालिएनचे भूकंप सध्या शांत असतील अशी आशा आहे. इकडे बुदाईला सगळं क्षेम आहे, म्हणजे तळ्यातले मासे उत्तम आहेत. माझ्याबद्दल गावात जे बोललं जातंय ते दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच कळवतो.

नवं वर्ष झालं आणि माझे पाय सुजले. (पत्रिकेत पाणी कमी म्हणून ज्योतिष्याने बाबांना माझं नाव 'सोन्याचं पाणी' ठेवायला लावलं होतं. ते पाणी म्हातारपणी आलं आणि थेट घोट्यात उतरलं.) दवाखान्यातल्या डॉक्टर गाओ, वयाने आपल्या नातीएवढ्या, त्यांनी पाण्याची गोळी दिली, अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी. गोळी चांगली आहे, फक्त तिला वेळकाळ कळत नाही. माझूदेवीची पालखी आली तेव्हा सगळ्यांसारखा मीही रस्त्यावर रांगेत पालथा पडलो होतो, देवी अंगावरून जावी म्हणून. पालखी अगदी शेजारच्या माणसावर आली आणि गोळीने आज्ञा केली. मी उठून पळालो. देवीच्या पालखीखालून पळालेला गावातला मी पहिलाच, असं देवळाचे कारभारी म्हणाले, आणि ते खोटं बोलत नाहीत.

तेव्हापासून बाहेर जायचं असेल त्या दिवशी मी पाण्याची गोळी घेईना. (मी रोजच बाहेर जातो.) पाय परत सुजले, गुडघे ठणकू लागले, म्हणून दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणल्या. शिवाय तुम्ही प्रेमाने पाठवलेल्या, रेडिओवरचा तो गोड गळ्याचा बुवा ज्यांना शुद्ध झाडपाला म्हणतो त्या काळ्या गोळ्या होत्याच. मग राहिलेल्या पाण्याच्या गोळ्यांची भरपाई म्हणून सगळंच एकदम घेतलं. दुसऱ्या दिवशी तळ्याच्या बांधावर चक्कर येऊन पडलो आणि ज्या कामासाठी पालखी सोडून पळालो होतो, तेच बंद झालं.

डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं आणि भरल्या दवाखान्यात, म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही या समजुतीने, मोठ्यांदा सांगितलं, "आजोबा, तुमची मूत्रपिंडं थकलीत." बाई तैपेईत शिकलेल्या. आपल्याकडे एखाद्या पुरुषाची मूत्रपिंडं थकली म्हटलं की लोक लघवीचा विचार करत नाहीत, त्याच्या बायकोचा करतात, हे त्यांना कोणी शिकवलेलं दिसत नाही. मी घरी पोचायच्या आत शेजारणीने ताकदीसाठी म्हणून तिळाच्या तेलात आलं घालून परतलेली डुकराची मूत्रपिंडं आणून ठेवली होती. मागोमाग कारभाऱ्यांनी हरणाच्या शिंगांची दारू पाठवली. तुमची भावजय सिउ-हा चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "आयुष्यभर मान वर करून बाजारात गेले. आता भाजीवाल्या मला आलं फुकट देतात." (आलं मात्र तिने परत केलेलं नाही.)

मी डॉक्टरबाईंकडे तक्रार घेऊन गेलो. त्यांनी शांतपणे विचारलं, "तळ्याचं पाणी बाहेर जायचं दार उघडलं, आत यायचं बंद केलं आणि पंप चालू ठेवला, तर?" म्हटलं, पंप जळेल. "तुम्ही तेच केलंत," त्या म्हणाल्या. पाण्याची गोळी पाणी बाहेर काढते, दुखण्याची गोळी मूत्रपिंडाकडे येणारं रक्त आवळते. आणि तुमच्या काळ्या गोळ्या त्यांनी तपासायला पाठवल्या, तर त्यांत दुखण्याचंच औषध कुटून घातलेलं, वर स्टेरॉइडची फोडणी. म्हणजे आत यायचं दार मी दोन्ही हातांनी बंद करत होतो. आता पाण्याची गोळी त्या सांगतील तशी घेतो, बाकीचं बंद आहे, मीठही बंद आहे (मिठागरांच्या गावात). मूत्रपिंडं धुवायला, म्हणजे यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यायला, जायची वेळ आलेली नाही, पण झिजलं ते सगळं भरून यायचं नाही म्हणतात.

वहिनींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुमचा धाकटा,
किम-त्सुई

ता. क. सिउ-हाची अब्रू राखायला मी गावात सांगितलंय की थकलेली मूत्रपिंडं तुमची आहेत आणि मी फक्त तुमच्या वतीने विचारायला गेलो होतो. तेव्हा इथे आल्यावर कोणी डुकराची मूत्रपिंडं पुढे केली तर खा. दारू मी संपवत आणली आहे.

ता. क. २. इथे या, असं मी वर लिहिलंच नाही वाटतं. या महिन्यातच या. छिंगमिंगच्या सणाला बाबांची समाधी झाडताना तुम्ही मोजे काढलेत, तेव्हा घोट्यावर मोज्याचा खोल वळ होता आणि तो घरी परतेपर्यंत गेला नाही. मी तेव्हा हसलो होतो. त्या काळ्या गोळ्या तुम्ही माझ्या तिप्पट घेता. आजपासून त्या बंद ठेवा, पण बाटली फेकू नका, येताना घेऊन या. मला भीती वाटते, दादा. डॉक्टरबाईंना सांगून ठेवलंय, त्या हळू बोलणार आहेत.

ता. क. ३. वहिनींनी विचारलं तर तिकडे मूत्रपिंडं माझी म्हणून सांगा. इकडे ती तुमची आहेतच. रक्त मात्र तपासायला दोघांचंही द्यायचं आहे.