टेबलावरचा देवमाशाचा दात

नाविसेले, सिंगाटोका नदीकाठ
गुरुवार, शाळा सुटल्यावर

प्रिय मेस्या,

हाताने लिहिलेलं पत्र बघून हसशील. हस. पानांचे फोटो काढून फोनवरच पाठवणार आहे, म्हणजे तिकडे फ्रान्समध्ये तुझं जेवण व्हायच्या आत तुला मिळेल. मग फोनच का केला नाही, असं विचारशील. फोनवर आपण आते-मामेभाऊ पहिली दहा मिनिटं एकमेकांची टर उडवतो, आणि मुद्द्याची गोष्ट निघाली की माझ्याकडची रेंज जाते. ती रेंज खरं तर जात नाही रे. पण त्याचं पुढे बघू.

आधी माझा राग संपवू दे. रग्बी विश्वचषकाचा संघ जाहीर झाला त्या दिवशी अख्खं गाव सभागृहात चटया टाकून बसलं होतं. मधे यांगोनाचं भांडं, करवंटी हातोहात फिरतेय, पण पिण्यात कुणाचं लक्ष नाही. रेडिओवाल्याने एकेक नाव घेतलं. विंगची दोन्ही नावं झाली, तुझं आलंच नाही. सगळ्यात शेवटी, बातम्यांच्या शेपटाला हवामान जोडतात तसं त्याने जोडलं, की नाविसेलेचा मेसाके वैयक्तिक कारणांमुळे उपलब्ध नाही. वैयक्तिक! अरे, आमच्याकडे कुणाची म्हैस आजारी पडली तरी गावभर होतं, आणि तुला वैयक्तिक कारण? माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी उठून बाहेर आलो आणि तू लावलेल्या त्या नारळाला लाथ मारली. अंगठा अजून दुखतोय, तो तुझ्या खात्यावर.

तू फोनवर सांगितलंस ते मला पटलं होतं, हे आधी लिहून ठेवतो. नियमाप्रमाणे देशाने बोलावलं तर क्लबला खेळाडू अडवता येत नाही, म्हणून ते लोक खेळाडूच्याच हाताने लिहून घेतात की मला जायचं नाही. नाही लिहिलं तर पुढचा करार विसरा. लबाड साले. आणि तू सही केलीस म्हणून मी तुला शिव्या घालतो, मग वर्गात पोरांना गणितं घालता घालता विचार करतो, मी काय केलं असतं? इथे ऊस तोडून गुडघे जातात, तिथे स्क्रमच्या रेटारेटीत जातात, निदान तिथे कुणी त्याचे पैसे देतं. आत्याच्या, तुझ्या आईच्या, घरावरचा पत्रा तुझ्याच पैशाचा आहे. गेल्या वादळात सगळ्या गावात तोच एक जागचा हलला नाही, आणि तुला नावं ठेवणाऱ्यांतले निम्मे त्या रात्री त्याच पत्र्याखाली झोपले होते. हे बोलायची मात्र कुणाची छाती नाही. माझीही झाली नाही.

गेल्या शनिवारी नदीपलीकडच्यांनी आपल्याला एक्केचाळीस-सातने धुतलं. संघात उरलंय कोण? तू फ्रान्सला, थोरला सेमी जपानला, किटिओने रुमानियाला. तो बर्फात उभा राहून फोटो पाठवतो आणि कान गळून पडतील इतकी थंडी आहे म्हणतो. विंगवर आपल्याकडून खेळलं कोण, ओळख बघू. बसचा ड्रायव्हर राजेंद्र! पलीकडचा धिप्पाड गडी अंगावर आला तसा हा जागच्या जागी थांबला. नंतर म्हणतो, मास्तर, समोरून गाडी आली की मी ब्रेक मारतो, सवय आहे. हसून हसून माझ्या बरगड्या दुखल्या, आणि मग एकदम वाईट वाटलं. ज्या मैदानात तू अनवाणी पळायचास तिथे आता गोलचे बांबू वाकलेत आणि ते सरळ करायला सहा दणकट माणसं गोळा होत नाहीत. सोळा-सतरा वर्षांची पोरं माझ्या वर्गातून उठून थेट एजंटच्या गाडीत बसतात. मी हजेरी घेतो आणि नावापुढे 'परदेशी' लिहितो. मेस्या, मी कंटाळलोय रे. निरोप देऊन देऊन कंटाळलोय.

आता गेल्या रविवारचं. हे तुला आत्या सांगणार नाही. ती तुला सांगते की सगळं ठीक आहे, टोमॅटो चांगले आलेत, आणि देवळात तुझ्यासाठी प्रार्थना होते. टोमॅटो खरंच चांगले आलेत, बाकीचं खोटं आहे. प्रार्थना झाली, जेवणं झाली, आणि वडीलधारी मंडळी सभागृहात बसली. विषय तूच होतास. तू खेळायला येत नाहीस, हे लोकांनी एक वेळ गिळलं असतं. पण तू म्हणालास ना की क्लबने आणि एजंटने अडवलं, ते कुणी मानायलाच तयार नाही. कारण चार वर्षांपूर्वी त्याच जागी बसून त्या एजंटने, रेमीने, आपल्या गावाचा देवमाशाचा दात हातात घेतला होता. दात घेतला म्हणजे मागणं मान्य केलं. दात हातात घेऊन नंतर शब्द फिरवणारा माणूस आपल्यापैकी कुणी पाहिलेला नाही, त्यामुळे रेमी तुला अडवेल हे त्यांच्या डोक्यात शिरतच नाही. मग राहिलास तू. पोराला पैसा चढला, यायचं नाही, आणि बिल त्या परक्याच्या नावावर फाडतो, असा निकाल लागला. अपोरोसा आजोबा तर फार लागट बोलले. त्या दिवशी गावाच्या वतीने मागणं त्यांनीच मांडलं होतं, म्हणजे तू त्यांचाच शब्द खोटा पाडलास असं त्यांना वाटतंय. आजोबांनी मलाही एक प्रश्न विचारला. मी एका शब्दात उत्तर दिलं आणि सभा उठली.

सभागृहात दाराच्या वर तुझी पहिली जर्सी टांगलेली होती ना, ती त्यांनी उतरवली. फेकली वगैरे नाही, आपली माणसं तशी नाहीत. नीट घडी घालून आत्याच्या हातात दिली, ते मला जास्त लागलं. सोमवारी शाळेत जाताना पाहिलं तर आत्याने ती धुऊन दोरीवर वाळत घातली होती. मळलेली नव्हतीच मुळी. मी विचारलं, आत्या, हे कशाला? ती म्हणाली, "धूळ बसली होती रे, चार वर्षांची." आणि वळून चुलीकडे गेली. देवळात ती पुढच्या चटईवर बसायची, आता मागे खांबाला टेकून बसते. तुझी चौकशी करायला येणाऱ्या प्रत्येक बाईला टिनातलं मटण उघडून वाढणारी माझी आत्या दुपारी दार लावून घेते. आपल्या गावात दिवसा दार लावलेलं तू कधी पाहिलंयस?

तो दिवस तुला किती आठवतो मला माहीत नाही. तू मागे होतास, मान खाली घालून, पोरांनी बसावं तसा. तेव्हा तुझं इंग्रजी 'येस' आणि 'थँक्यू'च्या पुढे गेलेलं नव्हतं. रेमी पुढे चटईवर बसला होता, पायांना मुंग्या येऊन सारखी मांडी बदलत. त्याच्या आणि अपोरोसा आजोबांच्या मधे मी. मास्तर म्हणून, इंग्रजी येतं म्हणून. आजोबांनी दात दोन्ही हातांवर तोलला, काथ्याची वेणी खाली लोंबत होती, आणि ते बोलले ते मला शब्द न् शब्द पाठ आहे. "हा मुलगा आम्ही तुझ्या हवाली करतो. पण देशाने हाक मारली की तो आमचा. मधे कुणी यायचं नाही, तूसुद्धा नाहीस. हे कबूल असेल तरच हात पुढे कर." रेमीने माझ्याकडे पाहिलं. मी बोललो. त्याने हसत हात पुढे केले, दात घेतला, आणि सभागृहाने पोकळ तळव्यांच्या त्या जड टाळ्या वाजवल्या. गाव निर्धास्त झालं. कागदावर काही घ्यायला हवं असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही, दात दिल्यावर कागद कशाला? पुढे दोन वर्षांनी तू फोनवर हसत सांगितलंस, की रेमीच्या ऑफिसात तो दात टेबलावर आहे, कागद उडू नयेत म्हणून ठेवलाय, आणि आल्यागेल्याला तो सांगतो, गावकऱ्यांची भेट. तू हसलास. मी 'हॅलो, हॅलो' केलं आणि फोन ठेवला. पहिल्यांदा रेंज गेली ती तेव्हा.

परवा तू वैतागून म्हणालास, "इन्या, तू तर मधे बसला होतास. तूच सांग ना त्यांना, त्याने शब्द दिला होता की नाही." तेव्हाही गेली.

आता सांगतो. रेमीने शब्द दिलाच नव्हता. त्याला तो कुणी मागितलाच नाही. आजोबांचं बोलणं संपल्यावर मी त्याला इंग्रजीत एवढंच म्हणालो, "तुम्ही आलात, गावाला फार आनंद झाला. ही आमची आठवण म्हणून ठेवा." बस. तो माणूस लबाड असेल, पण दाताच्या बाबतीत तो खोटा नाही. मला भीती वाटली, की अट ऐकली तर तो हात मागे घेईल आणि तुझा करार हवेत जाईल. चार वर्षं मी मनाला हेच सांगत आलोय, की मेस्यासाठी केलं. पण ते अर्धंच आहे. आदल्या दिवशी मैदानावर त्याने माझाही खेळ फोनमध्ये घेतला होता आणि वहीत माझं नाव लिहिलं होतं. असा चपळ हाफ खेळाडू मिळत नाही म्हणाला, कळवतो म्हणाला. मी गाव आणि शाळा सोडायला एका पायावर तयार होतो, मेस्या, आणि तो नाराज व्हायला नको होता, तुझ्याइतकाच माझ्यासाठी. त्याने कधीच कळवलं नाही. आणि रविवारी आजोबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मी बोललो ते सगळं तू त्याला सांगितलंस ना?" मी म्हणालो, "हो." आत्या समोर बसली होती. त्या एका शब्दावर तुझी जर्सी उतरली. म्हणून हे पत्र, की गावाच्या आधी तुला माझ्याकडून कळावं. उद्या आत्याच्या दारावर थाप मारून तिला सांगणार आहे. शनिवारी सभागृहात आजोबांसमोर मान खाली घालून बसणार आणि माफीचा दात पुढे ठेवणार. घरात एकच आहे, बाबांनी माझ्या लग्नाच्या मागणीसाठी कापडात गुंडाळून ठेवलेला. बाबांना कारण सांगितलं. ऐकून तुझा मामा स्वतःच तो काढून पुसायला बसला. आजोबा तो घेतील की परत सरकवतील, माहीत नाही. तू सही मागे घे, धावत ये, असं मी सांगत नाही, ते सांगायचं तोंड मला उरलेलं नाही. फक्त एक कर. शनिवार होईपर्यंत मला फोन करू नकोस. तू मोठ्या मनाचा आहेस, 'जाऊ दे रे इन्या' म्हणशील, आणि मी लगेच जाऊ देईन.

तुझाच, अजून म्हणवून घेत असशील तर, मामेभाऊ
इनोके