माझ्या नावावरचा तांबडा

मी, इंद्रभान भगवानराव नारखेडे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शेती, राहणार मोताळा, जिल्हा बुलढाणा, पूर्ण शुद्धीत राहून आणि कुणाच्याही दाबाखाली न येता, माझ्या माघारी काय कुणाचे हे लिहून ठेवतो. गेल्या फाल्गुनात माझ्या छातीत स्प्रिंग टाकली. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. स्वभावाचा दाखला कुणी मागितला नाही, म्हणून तो मीच देतो: मी जळका माणूस आहे. हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

मोताळा कोर्टातल्या वकील भार्गवीबाई म्हणाल्या की मृत्युपत्रात रागलोभ लिहू नयेत. ते काढले तर कागदावर फारसे काही उरत नाही, म्हणून मी ठेवले. त्यांचे एक सांगणे मात्र पाळणार आहे. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते, त्याची साक्षीदार म्हणून सही घ्यायची नाही, पुढे भांडणे होतात.

कलम १. राहते घर, अंगणातली विहीर आणि बँकेतली सर्व ठेव पत्नी अन्नपूर्णाबाई हिला. मुलाने पुण्याला नेतो म्हटले तर जायचे की नाही हे तिचे तिने ठरवावे. तिने वीस वर्षे माझे डिझेलने माखलेले कपडे धुतले आणि एकदाही मुकाट्याने धुतले नाहीत.

कलम २. पाच एकर शेतीपैकी विहिरीकडचे तीन एकर मुलगा हर्षल याला, रस्त्याकडचे दोन एकर मुलगी प्रतीक्षा हिला. दोघांशी बोलून ठरवले आहे.

कलम ३. शेडमधले दोन जुने ट्रॅक्टर, एक निळा व एक करडा, मी भंगारातून आणून उभे केलेले. ते हर्षलने विकावेत किंवा ठेवावेत. पण ते मी का उभे केले, हे लिहिल्याशिवाय पुढचे कलम कळणार नाही.

आमच्या वडिलांनी १९७४ साली तांबडा ट्रॅक्टर आणला. घरात त्याला तांबडाच म्हणत. वडील गेल्यावर तो माझ्या नावावर झाला. २००३ साली मी ऑइल न बघता दोन दिवस नांगरटीला जुंपला आणि इंजिन जाम केले. चूक सर्वस्वी माझी. मिस्त्रीने हात टेकले, मी म्हटले भंगार झाला. धाडचे हिंमतराव मोहिते, बुलढाण्याच्या वसतिगृहात माझ्या खोलीत राहिलेले, भाजीपाल्याचे शेतकरी, त्यांनी तो भंगाराच्या भावाने उचलून नेला. मी हसलो होतो.

आठ वर्षांनी पोळ्याला त्यांनी मला धाडला बोलावले. बैलांच्या रांगेच्या शेवटी तांबडा उभा होता, मडगार्डांना झेंडूच्या माळा. हिंमतरावांनी चावी फिरवली आणि तो अर्ध्या सेल्फला सुरू झाला. आवाज तोच, वडील शेतातून परत येताना घरात ऐकू यायचा तो. लोक टाळ्या वाजवत होते. त्या दिवशी मी पुरणपोळी ताटात तशीच ठेवून उठलो.

दुसऱ्याच महिन्यात मी निळा आणला. मग करडा. लोकांना वाटते इंद्रभानभाऊंना म्हातारपणी छंद लागला. छंद कसला, जळफळाट. मी प्रत्येक नट नवा घातला, सीट नवी, पेडल नवे, रंग तर असा की तोंड दिसावे. पाहुणे येतात, कौतुक करतात आणि जाताना विचारतात, "काका, धाडचा तांबडा पाह्यला का तुमी?" एकाला मी चहाही दिला नाही.

कलम ४. सर्व पाने, जॅक आणि हत्यारांची पेटी प्रतीक्षाला. नट नुसता पाहून कितीचा पाना लागेल हे या घरात तिलाच कळते. जावईबापूंनी मागितली तरी तिने देऊ नये, ते स्क्रू ड्रायव्हरने रंगाचे डबे उघडतात.

कलम ५. पेटीच्या तळाशी वर्तमानपत्राचे एक कात्रण आहे. त्यात तांबडा आहे. शेजारी हिंमतराव उभे होते, ते मी कात्रीने कापून टाकले. हे कात्रण कुणाला देण्यासारखे नाही, माझ्याबरोबर जाळावे.

कलम ६. (हे कलम खोडले आहे, मात्र वाचता येईल असे ठेवले आहे. खोडाखोडीवर माझी व दोन्ही साक्षीदारांची सही आहे.) गुरुवारी मिळकतीची यादी करताना लोखंडी पेटीत तांबड्याचे आरसी बुक सापडले. त्यावर नाव माझे आहे. भंगार म्हणून दिला, म्हणून ना हिंमतरावांनी कागद मागितला, ना मी दिला. म्हणजे ज्या ट्रॅक्टरचा त्यांनी एवढा बोलबाला केला, तो सरकारदरबारी आजही इंद्रभान नारखेडे यांचा आहे. ही ओळ मी तीनदा लिहून पाहिली, तिन्ही वेळा बरे वाटले. सबब सदर ट्रॅक्टर मी मुलगा हर्षल याला देत आहे. हर्षलने फोनवर विचारले, "बाबा, त्या टॅक्टरचं मी काय करू? हायवेवरच्या ढाब्यावाल्याले देऊन टाकतो, ते दारात उभे करतात, लोक फोटो काढतात." करू दे. धाडमध्ये सुरू होण्यापेक्षा ढाब्यापुढे बंद पडलेला बरा. आणि या कागदावर दुसरे साक्षीदार म्हणून सही हिंमतराव मोहिते यांचीच घ्यायची आहे. साक्षीदाराला आतला मजकूर वाचावा लागत नाही, हे मी भार्गवीबाईंना दोनदा विचारून घेतले. त्या म्हणाल्या, "कागद तुमचा, ताबा त्यांचा, कोर्टात दहा वर्षं जातील. आणि काका, हे बरं दिसत नाही." मी हिंमतरावांना फोन केला, रविवारी सहीला या. ते लगेच हो म्हणाले.

इथपर्यंत शनिवारी लिहून झाले होते. पुढचे आज रविवारी लिहीत आहे.

हिंमतराव सकाळी दहाला आले ते तांबड्यावर बसून. धाडहून बुलढाणा, तिथून राजूर घाट उतरून मोताळा, एवढे अंतर. एसटीने का नाही आलात विचारले तर म्हणाले, "तुह्या सहीचं काम, मनलं यालेबी घेऊन येतो. घर पाह्यलं नाही यानं लय दिवसात." ट्रॅक्टर गल्लीत आडवा लावून ते आत हातपाय धुवायला गेले. तेवढ्यात मागून टेम्पोवाला हॉर्न वाजवू लागला. अन्नपूर्णाबाई म्हणाली, "तुमीच घ्या ना बाजूले. काऊन, हात लावला तं विटाळ होते का?"

बावीस वर्षांत मी त्या ट्रॅक्टरवर चढलो नव्हतो. धाडला किती वेळा गेलो, पण हिंमतराव बस म्हणाले की माझी कंबर दुखायची. आज चढलो. डावा पाय टाकला तो थेट लाकडावर पडला.

आमचे वडील बुटके होते. त्यांचा पाय क्लचवर पुरत नसे, म्हणून त्यांनी बाभळीचा एक ठोकळा पेडलवर बोल्टाने बसवला होता. मीही त्यांच्याच उंचीचा. तो ठोकळा तिथेच होता, वडिलांच्या टाचेने मधोमध झिजलेला. माझा पाय त्या खळग्यात बरोबर बसला. मी ट्रॅक्टर बाजूला घेतला आणि बंद केला.

हिंमतराव सहा फूट उंच आहेत. ठोकळ्यावर पाय ठेवला की त्यांचा डावा गुडघा स्टिअरिंगला लागणार, हे सांगायला मिस्त्री नको. मी विचारले, हा काढला का नाही? त्यांनी विजार वर करून गुडघा दाखवला. जुना काळा घट्टा पडला आहे. म्हणाले, "भगवानकाकानं बसवला व्हता तो. टॅक्टर म्या घेतला, त्याह्यचं बसवलेलं म्या काऊन काढू?" एवढे बोलून त्यांनी चहा मागितला, दोन चमचे साखर घालून.

मी निळ्या-करड्याचे सगळे जुने काढून नवे घातले. कोणाकोणाच्या हाताचे काय काय त्यावर होते, आता सांगता येत नाही. ही गोष्ट हिंमतरावांनी बोलून दाखवली असती तर मला भांडता आले असते.

माझा जळफळाट कमी झालेला नाही, हे मी शुद्धीत नमूद करतो. आज तो वाढला आहे. ट्रॅक्टर त्यांनी जिवंत केला, याचे मला वाईट वाटत होतेच. माझ्या बापाला त्यांनी माझ्यापेक्षा चांगले सांभाळले, याचे जास्त वाटते. सबब कलम ६ रद्द.

कलम ७. माझ्या नावावरचा तांबडा ट्रॅक्टर, आरसी बुकासह, हिंमतराव मोहिते, राहणार धाड, यांना देत आहे. आजपर्यंत तो भंगारात घेतला म्हणून त्यांचा होता. माझ्यानंतर तो मी दिला म्हणून त्यांचा राहील, आणि हा फरक त्यांनी दर पोळ्याला चार लोकांत सांगावा. एकच अट आहे. क्लचवरचा ठोकळा काढायचा नाही. गुडघा लागेल, लागू दे. तेवढी तरी माझी आठवण निघेल.

हे लिहीत असताना हिंमतराव ओट्यावर खिशातले पेन काढून बसले आहेत. मी जाऊन सांगितले, तुमची सही नको. ते म्हणाले, "मंग येवढा घाट उतरून मले बलावलं कायले बे? माह्या सहीले काय किडे लागले का?" मी म्हटले, जेवून जा. ते रागावले आहेत आणि भरल्या वांग्यासाठी थांबले आहेत. शेजारच्या शालूबाईंना सहीसाठी बोलावणे पाठवले आहे.

ठिकाण: मोताळा
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५, रविवार

सही: इंद्रभान भगवानराव नारखेडे

आमच्यासमक्ष सही केली:
१. धम्मरत्न इंगळे, निवृत्त पोस्टमास्तर, मोताळा
२. शालूबाई तांदळे, अंगणवाडी सेविका, मोताळा

हजर, पण सही घेतली नाही: हिंमतराव मोहिते, धाड. कारण त्यांना मी गेल्यावर कळेल.