न्हाणी, धुणे व संडास यांच्या एकत्र खोलीची व्यवस्था

लिहून ठेवणार जीवराम लोटन फेगडे, वय वर्षे सहासष्ट, धंदा पूर्वी सरकारी नोकरी व हल्ली केळीची बाग, राहणार यावल, जिल्हा जळगाव. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. यावर शंका घेणारी माणसे याच घरात राहतात, म्हणून डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मी हे कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. लिहिताना स्वयंपाकघरातून भांडी आपटल्याचा आवाज येत आहे, परंतु ते दडपण धरू नये. तो अठ्ठेचाळीस वर्षांचा रिवाज आहे.

कलम १. राहते घर, ओसरी, परस आणि विहिरीसह केळीची बाग माझा मुलगा पितांबर यास द्यावी. तो धुळ्यास कारकून आहे व स्वभावाने गरीब आहे. परंतु परसातील पश्चिमेकडची खोली त्यास मिळणार नाही. गेल्या दिवाळीत तो त्या खोलीच्या मधोमध उभा राहून म्हणाला, "आबा, हवा अगदी कोंडते इथे. केळी पिकवायला फार छान." त्याच दिवशी मी मृत्युपत्राचा कागद आणवला.

कलम २. सदर खोली माझी पत्नी सौ. सुगंधाबाई हिला मालकी हक्काने द्यावी. खोलीची हकीकत अशी. धुळ्यास बांधकाम खात्यात मी ट्रेसर होतो. तीस वर्षे दुसऱ्यांचे पूल आणि शाळा कागदावर उतरवल्या. एकदा साहेबांच्या टेबलावर विलायती सामानाचे पुस्तक पाहिले. त्यातील फोटोत एकाच मोठ्या खोलीत आंघोळीची जागा होती, उभ्याने कपडे धुण्याचा ओटा होता, कोपऱ्यात संडास होता, आणि ओट्यापाशी एक बाई हसत उभी होती. सुगंधाबाई तेव्हाही परसातल्या दगडापाशी उकिडवी बसून धुणे धूत असे आणि उठताना भिंतीला धरत असे. मी जेवणाच्या सुट्टीत तो फोटो ट्रेसिंग कापडावर उतरवून घेतला. सरकारी कापड वापरले, हे येथे कबूल करतो.

पेन्शनीत आल्यावर, सन १९६६ साली, खोली बांधली. दहा फूट बाय बारा फूट. कमरेच्या उंचीवर शहाबादीचा ओटा, हाताशी तांब्याचा बंब, कपडे वाळत घालायला छतापर्यंत ओढून घेण्याची काठी, साबणाचे पाणी पन्हाळीने थेट अळूच्या वाफ्यात. एकाच ठिकाणी पाणी तापते, माणूस न्हातो, कपडा धुतला जातो व वाळतो. असे तालुक्यात कोठे नाही. ज्याला खोटे वाटेल त्याने फिरून पाहावे.

चूक एकच झाली. कोपऱ्यातला संडास मी फोटोप्रमाणेच ठेवला व मधे छातीइतकी भिंत घातली. सुगंधाबाईने दारातूनच विचारले, "इटाळ काय भित पाहून थांबतो का?" तीस वर्षांच्या नोकरीत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तिच्या निकालाप्रमाणे त्या खोलीत न्हालेल्या माणसाने बाहेर येऊन परसात पुन्हा न्हायचे, आणि तेथे धुतलेला कपडा बाहेरच्या दगडावर पुन्हा धुवायचा. काम निम्मे करण्यासाठी बांधलेल्या खोलीने ते दुप्पट केले. मी पाच वर्षे रोज दोनदा आंघोळ करतो. ती मात्र आजवर उंबरठ्याच्या आत आलेली नाही. अजून त्याच दगडापाशी बसते, आणि गुडघे आता भिंतीला धरूनही ऐकत नाहीत. मला याचे फार वाईट वाटते आणि रागही येतो. दोन्ही खरे आहे.

कलम ३. सदर खोलीतील, भिंतीवरून खाली पाडण्याची इस्त्रीची फळी माझा धाकटा भाऊ नथ्थू यास द्यावी. वास्तुशांतीच्या दिवशी तो सर्वांच्या आधी आत शिरला, नको तो खटका ओढला आणि फळी दारावर आडवी पडली. "भाऊ, मले काढा रे इथून!" असे तो दोन तास ओरडत होता. सुतार येईपर्यंत आम्ही त्याला खिडकीतून बासुंदी दिली. पुढे त्यानेच गावभर सांगितले की जीवराम संडासात इस्त्री करतो. फळी त्याने स्वतः उचलून न्यावी. गाडी मिळणार नाही.

कलम ४. ज्ञानचंद मिश्रीलाल यांनी पांढऱ्या फरश्या दिल्या. शेवटच्या अकरा कमी पडल्या म्हणून मोराचे चित्र असलेल्या दिल्या व "कोपऱ्यात कोण पाहतो, नाना?" असे म्हणाले. संडासात बसल्यावर माणसाला दुसरे काही पाहण्यासारखे नसते. पाच वर्षे मी ते अकरा मोर पाहत आहे. ज्ञानचंदजींना साक्षीस बोलावले आहे ते यासाठी, की सही करण्यापूर्वी हे कलम त्यांना वाचावे लागेल.

कलम ५. माझ्या देहाला शेवटची आंघोळ त्याच खोलीत घालावी. मसणातून परतलेल्या सर्व मंडळींनी तेथेच न्हावे व कपडेही तेथेच धुवावेत. त्या दिवशी घराला सुतक असतेच, तेव्हा संडासाचा विटाळ वेगळा मोजण्याचे कारण नाही. सुगंधाबाईनेही त्या दिवशी तेथेच न्हावे. ओट्यापाशी उभे राहून एक तरी लुगडे धुवावे आणि गुडघ्यांना काय वाटले ते पितांबरला सांगावे. मला ऐकू येणार नाही, तरी सांगावे.

येणेप्रमाणे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवले आहे.

मुक्काम यावल, दिनांक ७ फेब्रुवारी १९७१.

सही : जीवराम लोटन फेगडे

साक्षीदार १ : ज्ञानचंद मिश्रीलाल, सही. (कलम ४ वाचले. फरश्या तेव्हा खरोखर संपल्या होत्या.)

साक्षीदार २ : सौ. सुगंधाबाई जीवराम फेगडे, डाव्या हाताचा अंगठा.

दुसऱ्या साक्षीबाबत खुलासा. दुसरा साक्षीदार नथ्थू ठरला होता. कलम ३ ऐकून तो उठून गेला. साक्ष करणाऱ्यास त्या मृत्युपत्राने काही मिळत नाही (नथ्थूची फळी बुडाली असती तर चालले असते), असे वकिलांनी परवा सांगितले तेव्हा सुगंधाबाई चहा घेऊन तेथेच उभी होती. आज कलम ५ वाचून होताच ती स्वयंपाकघरातून आली. म्हणाली, "तुम्ही गेल्यावर मले कशाले पाह्यजे हो खोली? आना तो कागद इकडे." मी अडवण्याच्या आत शाईत अंगठा बुडवून तिने तो उठवला. नंतर खुंटीवरची माझी दोन धोतरे काढून घेतली आणि परसात गेली. ज्ञानचंदजी खिडकीतून पाहून म्हणाले, "नाना, वहिनी आत गेल्या."

मीही पाहिले. ती ओट्यापाशी उभी आहे. उभी राहून धूत आहे.

सबब कलम २ रद्द झाले असून मृत्युपत्र पुन्हा लिहावे लागेल. घाई नाही.