उसना आवाज

अण्णा,

माझा आवाज गेला. थायरॉईडची गाठ काढताना आवाजाची नस दुखावली. आता माझं बोलणं ऐकायला माणसाला कान जवळ आणावा लागतो. तुम्ही नामपूरच्या शाळेत पाढे म्हणून घ्यायचात, तेव्हा कांद्याच्या लिलावाच्या गलक्यातही तुमचा आवाज बाजारात ओळखू यायचा. चौथीत मी कविता पुटपुटले, तर सगळ्या वर्गादेखत तुम्ही आपल्या अहिराणीत गरजलात, "कोठे शे तुना आवाज? पोटमाईन बोल!" मी घरापर्यंत रडत आले. संध्याकाळी घरी मात्र तुम्हीच हळूच आईला सांगितलंत, पोरीला हळद-दूध दे, घसा बसलाय तिचा.

मी सातपूरला शिकवते. शाळेच्या भिंतीला लागूनच वर्कशॉप आहे, दिवसभर प्रेसचे दणके चालू. ऑपरेशननंतर मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, ऑफिसचं काम घ्या आता." मी मान हलवून नाही म्हटलं आणि शिक्षकांच्या डिजिटल प्रशिक्षणाला आपणहून नाव दिलं. बाकीची मंडळी व्हिडिओ पुढे ढकलून मोकळी होत होती, मी मात्र एकेक पुन्हा पुन्हा बघत होते. त्यात एक ॲप कळलं: टॅबवर वाक्यं टाईप करून ठेवली की यंत्र ती बाईच्या आवाजात वाचतं; स्पीकर जोडला की मागच्या बाकापर्यंत पोचतं. रविवार-रविवार बसून मी धडे तयार केले. पहिल्या दिवशी पोरं फिदीफिदी हसली. "बाई, ही तर बँकेच्या फोनसारखी बोलते!" हळूहळू त्यांना त्या आवाजाची सवय झाली. ती प्रश्नांना हात वर करू लागली, मी फळ्यावर लिहू लागले. मी पुन्हा शिक्षिका झाले होते, अण्णा.

मग एका दुपारी अपूर्णांक चालू असताना शेवटच्या बाकावरच्या मुलीला फिट आली. ती खाली कोसळली, कपाळ फरशीवर आपटलं. मी धावले, तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली हात घातला आणि मदतीसाठी ओरडले. नुसती हवा निघाली. पोरं थिजून उभी. टॅब पलीकडे टेबलावर, आणि त्यातली बाई शांतपणे सांगत होती, "आता आपण छेद समान करू या." शेवटी एकीला भान आलं, ती शेजारच्या वर्गातल्या सरांना घेऊन आली.

मुलगी वाचली, कपाळाला टाके पडले. दुसऱ्या दिवशी तिचे वडील शिफ्ट सुटल्यावर तसेच आले. हात जोडून म्हणाले, "बाई, तुमच्यावर राग नाय. पण वर्गात ओरडू शकेल असं माणूस पाहिजे." मी मान हलवली आणि टॅब घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले. उसन्या आवाजातच ऑफिसचं काम मागून घेतलं.

आता मी ऑफिसात बसते, इतर शिक्षकांची प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं ऑनलाइन चढवते. माझ्या वर्गावर नवे सर आलेत. ते खेकसतात ते इथपर्यंत ऐकू येतं.

तुम्ही गेल्यावर हे कुठे धाडायचं नाहीच, म्हणून एक सांगून टाकते. त्या ॲपमध्ये पुरुषाचाही आवाज आहे. परवा ऑफिसात कोणी नसताना मी तो निवडला आणि तुम्ही मला घरात ज्या नावाने हाक मारायचात, ते टाईप केलं. तुमच्यासारखा अजिबात नव्हता. तरी मी ओ दिली.